मिठाच्या पाण्यातले हात

आईच्या छातीत दुखत होतं. घरात कॉलेजात गेलेली मी एकटीच, म्हणून तिला ईसीजीला नेणं माझ्याकडे आलं. भीतीनं तिचं अंग थरथरत होतं आणि कागदावरची रेघही वेडीवाकडी येत होती.

"मावशी, हलू नका हो," नर्सबाई म्हणाल्या.

मी वर्गात ऐकलेलं सांगितलं, की हे यंत्र शोधणारा शास्त्रज्ञ हृदयातली वीज टिपायला माणसांचे हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवायला लावायचा.

"म्हणजे लोणचंच घालायचा की!" आई हसली, सैलावली आणि रेघ नीट येऊ लागली.

त्या शास्त्रज्ञासमोर पहिल्यांदा बसलेला माणूसही असाच घाबरला असेल का? त्याला कुणी हसवलं असेल?

कागद बघून डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे."

आई कागदावरून बोट फिरवत राहिली. "इतकी वर्षं हे आत एकटंच राबत होतं होय गं?"