कवडीला विकलेली पोट्टी

बाभुळगावच्या स्टँडवर मला सोडायला दोन बाया आल्या होत्या. एक माझी माय, जिनं मला जन्म दिला. दुसरी सरूमाय, जिनं मला विकत घेतलं. यवतमाळची एसटी लागली होती, तिथून पुढं पुण्याची ट्रॅव्हल्स धरायची होती. सरूमाय माझ्या गळ्यात पडून गाव गोळा होईल इतकी रडली. माय मात्र बॅगची चेन नीट लागली का, तेच पाहत राहिली. बाकावरच्या कोण्या बाईनं तिला विचारलं, "लेक का वं तुमची?"

"नाही," माय म्हणाली, "ह्या सरूची पोट्टी हाये. पुण्याले चालली, कारखान्यात."

मी खिडकीत बसले आणि यवतमाळ येईपर्यंत रडत राहिले. गाव सुटलं म्हणून नाही. निघताना तरी एकदा 'माझी' म्हणेल, असं वाटलं होतं.

गावात राहिलेल्यांना हे सगळं ठाऊक आहे. पण माझ्यासारखे जे चाकण-रांजणगावला येऊन पडले, त्यांची पोरं उद्या विचारतील, म्हणून सांगते. माझं नाव कवडाबाई. हसा, सगळेच हसतात. आमच्याकडं एखाद्या बाईची लेकरं जगत नसली, की पुढचं लेकरू विकून टाकायचे. खरंखुरं नाही हो, नावापुरतं. जिची सारी लेकरं धडधाकट अशी बाई पाहायची. नात्यातली नको, जातीतलीही नको. माझ्याआधी मायची तीन लेकरं गेली. मग मी झाले. मला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं. आमच्या घरामागं राहायची सरूमाय, तिची पोरं बैलासारखी दणकट. तिनं चंगाष्टा खेळायच्या कवड्यांतली एक मायच्या हातावर ठेवली, मला उचललं, स्वतःच्या घरात फिरवून आणलं आणि परत देताना म्हणाली, "घे वं, माही पोट्टी सांभाळ." मुलगा असते तर कवडू झाले असते; आमच्या भागात गावोगाव कवडू सापडतील. मुलगी, म्हणून कवडाबाई. मरण पुन्हा दारात आलं तर त्याला कळू नये, की हे लेकरू ह्या बाईचं आहे.

बाकी घरांत हा खेळ त्या दिवसापुरता असतो. लेकरू पायावर चालायला लागलं की कोणी विकलं अन् कोणी घेतलं, सारे विसरतात. माझी माय विसरली नाही. परीक्षेत पास झाले की मला आधी सरूमायच्या पाया पडायला पाठवायची. ताप आला की माझ्या कपाळावर पट्ट्या स्वतः ठेवायची, अन् हाक मागच्या घरी मारायची, "सरू, तुह्या पोट्टीले पाह्य वं, लय तापली!" बाबा हसायचे. म्हणायचे, "अवं, आता घोडी झाली ते. आता तं म्हण आपली." माय ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

नावाचे हाल तर विचारूच नका. किडक्या बोंडातून जो पिवळा, चिकटलेला कापूस निघतो, त्याला आमच्याकडं कवडी म्हणतात. बाबांची कापसाची गाडी जिनिंग मिलवर गेली की तिथला माणूस मूठभर कापूस पिंजून पाहायचा, "कवडी लय हाये," म्हणायचा अन् भाव पाडायचा. शाळेतले पोट्टे मला पाहून तेच ओरडायचे, "कवडी आली, भाव पडला!" चाकणला आले तर पीजीतल्या पोरींनी पहिल्या पगाराची पार्टी दिली नाही म्हणून कवडीचुंबक केलं. लाइनवर सुपरवायझरनं केबी करून टाकलं. त्याला वाटायचं, तेवढंच मॉडर्न. एकदा मात्र पुण्यात एका डेअरीच्या पाटीवर वाचलं, 'कवडी दही मिळेल'. म्हटलं, बाप्पा, कुठं तरी इज्जत आहे! पाव किलो घेऊन आले अन् साखर घालून एकटीनं संपवलं.

इथं सगळं आहे. वन बीएचके आहे, नळाला पाणी आहे, आठ इंची गादी आहे. पण दिवाळीनंतर आमची पुढची खोली कापसानं छतापर्यंत भरायची, आम्ही पोरं त्याच्यावर झोपायचो, सकाळी अंगाला खाज सुटायची अन् सरूमाय शिव्या घालत खोबरेल चोळायची, तशी झोप मला इथं एकदाही लागली नाही. खूप आठवण येते. आता बाबा वेचलेला कापूस घरात ठेवतच नाहीत म्हणे, शेतातूनच विकून टाकतात.

विकलेली मुलगी लग्नाआधी सोडवून घ्यायची असते. घेणारीला लुगडं-चोळी द्यायची, तिची कवडी तिच्या हातावर परत ठेवायची आणि चार माणसांत म्हणायचं, ही आमची. माझं लग्न कारखान्यातल्याच मुलाशी झालं, आळंदीला, घाईघाईत, त्यामुळं ते राहून गेलं. पुढच्या सुट्टीत मी स्वतःच हिरवं लुगडं घेऊन नवऱ्यासोबत गावी गेले. सरूमायला तर उकळ्या फुटल्या. "घे बाप्पा तुही पोट्टी," ती मायला म्हणाली, "लय बोलते ते, मले नाही परवडत!"

ती सालं कशी होती ते तुम्हाला सांगायला नको. कपाशीवर लाल्या रोग, बाजारात भाव नाही, अन् कर्जापायी गावातून तरण्याताठ्या माणसांच्या तिरड्या निघत होत्या. आम्ही गेलो त्याच आठवड्यात वरच्या आळीतून एक निघाली होती.

माय चुलीपुढून उठलीच नाही. भाकर थापत म्हणाली, "मी नाही सोडवत."

बाबा चिडले. सरूमाय लुगडं छातीशी धरून उभी राहिली. माझं डोकंच फिरलं. "काहून वं माय? मी मेली तरी परक्याचीच का?"

माय उठली, पिठानं भरलेला हात तिनं माझ्या तोंडावर दाबला. इतक्या जोरात, की माझा ओठ दातात आला. "तीन व्हते," ती म्हणाली, "तिघाइले मी माहे, माहे म्हणत व्हती. तुले नाही म्हटलं, तं तू जगली. अन् आता म्हणू? ह्या सालात?"

लुगडं सरूमायनं नेसलं, पण मी तिचीच राहिले. येताना सबंध रस्ता मी नवऱ्याशी मायला अडाणी, दगडाच्या काळजाची, काय काय म्हणत आले.

मग मला मुलगी झाली. माय बाळंतपणाला चाकणला आली. बाळाला कावीळ निघाली, म्हणून त्याला काचेच्या पेटीत, निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, हातभराचा जीव, पाय झाडत होता. बाहेरच्या बाकावर मी अन् माय. सिस्टरनं दार उघडून विचारलं, "पेटीतलं बाळ कोणाचं? आई कोण आहे?"

मी उभी राहिले. तोंड उघडलं. मी दिवसभर पार्ट तपासणारी, देवाला न मानणारी बाई. अन् 'माझं' हा शब्द काही केल्या बाहेर येईना. मला वाटलं, मी म्हणेन अन् आत कोणी तरी ऐकेल.

मायनं माझ्याकडं पाहिलं. तिला सगळं कळलं. माझा हात तिनं घट्ट धरला अन् सिस्टरला म्हणाली, "सांगा न बाई, आम्ही दोघी सांभाळणाऱ्या हाओत."

पोरगी आता शाळेत जाते. लोक विचारतात, तुमचं घर कुठलं? मी चाकणची सोसायटी सांगते, आधार कार्डावर तीच आहे. पण घर म्हटलं की मला आमच्या दारातली ती बाई दिसते, जिनं मला जगवण्यासाठी जन्मभर परक्याची म्हटलं.

रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. "सरूची पोट्टी जेवली का?"

पूर्वी ह्या प्रश्नानं मला राग यायचा. आता मी सांगते, "जेवली. अन् तिला सांभाळणारी जेवली का?"

पलीकडं माय नाक ओढते अन् म्हणते, "जेवली वं."