पोट काढलेलं शीड

जालन्याच्या एमआयडीसीच्या गेटासमोर मच्छिंद्र सत्तावीस वर्षं ताडपत्र्या शिवतो. सळयांच्या ट्रकवर घाला की बियाण्याच्या थप्पीवर टाका, त्याचं कापड तक्रार घेऊन परत आलेलं नाही. हे आपल्याला कसं माहीत? तोच सांगतो, चहाला थांबलेल्या प्रत्येकाला, न विचारता.

बियाणेवाले राधेश्यामशेठ त्याचे जुने गिऱ्हाईक. पन्नाशीनंतर कुणी केस काळे करतं, कुणी गुडघ्यांना तेल चोळतं. शेठनी मुरूडला शिडाची नौका घेतली. ही बातमी शेठाणीला आधी कळली की गेटवरच्या चहावाल्याला, यावर अजून एकमत नाही. घेतल्या घेतल्या शीड फाटलं. शेठनी ते डिकीत घालून मच्छिंद्रपुढं आणून टाकलं.

"जमंल का?"

"कापड ते कापड, शेठ. समुद्राला काय निराळी सुई लागती?"

फाटलेलं तासाभरात शिवून झालं. पण दुकानापुढं पसरलं तर शीड सपाट बसेचना. मधोमध फुगा! इकडून दाबला की तिकडून वर. ताडपत्रीत असा फुगा राहिला की पाणी साठतं आणि खालचा माल भिजतो. कारखान्यानं कटाईच बिघडवली, असं ठरवून मच्छिंद्रनं जोडाजोडावर चिमटे घेऊन टाके मारले आणि शीड पाटासारखं सपाट केलं.

"सांगितलं तेवढंच करावं माणसानं," बायको उषाबाई म्हणाली.

"नाव राखायचं तर जास्तीचं करावं लागतं," तो म्हणाला.

शेठ खूश. मुरूडहून मांडव्यापर्यंत किनाऱ्या-किनाऱ्यानं जायचं ठरलं, त्यात मच्छिंद्रलाही घेतलं. नौका हाकायला तिथलाच भारत तांडेल.

निघाल्यापासून मच्छिंद्रच्या डोक्याचा भुगा. मांडवा उत्तरेला, अन् नौका चालली भलतीकडं, भर समुद्रात. मग वळून परत किनाऱ्याकडं.

"काही विसरलं का घरी?" त्यानं विचारलं.

"वारा समोरून आहे काका. तिरकं तिरकंच जावं लागतं."

बदनापूरची एसटी अशी गेली असती तर लोक उतरून पायी निघाले असते. बरं, तिरकं तर तिरकं. पण दोन तास झाले तरी किनाऱ्यावरचं पांढरं देऊळ होतं तिथंच. एकदा तर ते पुढं गेल्यासारखं वाटलं. शेठ उलट्या करून आत केबिनमध्ये आडवे झाले होते. तिथून मधूनच हाक यायची, "आला का मांडवा?"

तेवढ्यात मागून दुसरी नौका आली आणि सरसर पुढं गेली. तिचं शीड बघून मच्छिंद्रला हसू आवरेना.

"बघा, कसं ढिलं शिवलंय! नुसतं पोटच पोट!"

तांडेलानं त्या शिडाकडं पाहिलं, मग आपल्या. मग मच्छिंद्रकडं.

"काका, आपल्या शिडाचं पोट कुठं गेलं?"

"काढलं की! फुकटात."

"अहो, त्या पोटानंच नाव चालते!"

मच्छिंद्रनं वर आपल्या सपाट शिडाकडं बघितलं. सत्तावीस वर्षं ज्या फुग्याशी वैर केलं, त्याच्यावर इथं नौका चालते? अन् हे शेठच्या तोंडून गेटवर कळलं तर? एकही कापड परत न आलेला माणूस!

"शेठला उठवू नका," तो कुजबुजला. "मी उसवतो."

नांगर टाकला, शीड उतरवलं. हलत्या फळ्यांवर मांडी घालून मच्छिंद्र ब्लेडनं आपलेच टाके कापू लागला. फाटलेल्या जागचे सोडून बाकी एकूण एक.

"काय चाललंय रे?" आतून शेठ.

"हवा बघून राह्यलो, शेठ!"

शीड पुन्हा चढलं. पोट सुटलं, वारा भरला, नौका कलली. मच्छिंद्रनं डोळे मिटून दोर धरला. उघडले तेव्हा देऊळ मागं पडलं होतं आणि शेठ दारात उभे होते, पिवळे पडलेले, पण खूश.

"वा मच्छिंद्र! काय शिवलंस!"

हो म्हटलं की सुटला असता. पण न केलेल्या शिवणीचं नाव त्याला घेववेना.

"शिवलं न्हाई शेठ. म्या बिघडवलं होतं. आत्ता तेच उसवलं."

शेठ खो खो हसले. "पाह्यलं का भारत? आमच्याकडची माणसं अशी. कौतुक सहन होत न्हाई त्यांना."

"खरंच सांगतो, शेठ! विचारा ह्यांना."

शेठनी मोबाइल कानाला लावला होता. गेटवरच्या चहावाल्यालाच फोन. "ऐक, आपला मच्छिंद्र म्हणजे..."

मच्छिंद्रनं तांडेलाकडं हात जोडले. "तुम्ही तरी सांगा हो."

तांडेलानं सुकाणू जरासं वळवलं. "मी काय सांगू काका? नाव तर चालतेय."