आईला विमान दाखव

मला एक खोड आहे. कुणी कुठे निघालं की न मागता सल्ला द्यायचा. मास्तरकीत आयुष्य गेलं, बोलल्याशिवाय अन्न पचत नाही. बदनापूरच्या स्टेशनात कोणती गाडी किती उशिरा येणार, तहसिलीत कोणता साहेब कधी सापडतो, सगळं मीच सांगणार. साठी ओलांडली तरी खोड गेली नाही, पण तिच्यावर एक डाग आहे, १९९३ च्या एप्रिलातला.

माझा थोरला भाऊ ट्रक चालवायचा. बदनापूरजवळच्या एका जिनिंग-प्रेसमधून कापसाच्या दाबलेल्या गाठी भरायच्या आणि सोलापूरच्या गिरणीत पोचवायच्या. त्या दिवशी आई त्याच्याबरोबर निघाली होती. वाटेत गेवराईला मावशीकडे उतरणार होती. अंबडकडचा रस्ता खोदून ठेवलेला, म्हणून दादा औरंगाबादच्या अंगानं जाऊन बीड रस्त्याला लागणार होता.

हा बीड रस्ता विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकाशी आडवा जातो. दुपारी एकच्या सुमाराला मुंबईचं विमान उडायचं आणि रस्त्यावरचे सायकलवाले, बैलगाडीवाले, ट्रकवाले ते बघायला हटकून थांबायचे. आमच्याकडचे ड्रायव्हर तर भाकरीही तिथंच सोडायचे. विमान इतकं खालून जायचं की टोपी हातानं धरावी लागे. त्यात काही धोका आहे असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. फुकटची जत्रा होती ती.

"दादा, एकच्या टायमाला तिथं थांब जरा," मी म्हणालो. "आईला इमान दाखव. तिनं कुठं जवळून बघितलंय?"

"मला कशाला इमान?" आई म्हणाली. "मावशी जेवायची थांबल तिकडं." पण पदर सारखा करून ती केबिनमध्ये खिडकीशी बसली, म्हणजे तिला बघायचं होतं.

सकाळची शाळा सुटली, जेवण झालं आणि मी पान खायला स्टँडवर गेलो. औरंगाबादहून बस आली. कंडक्टर दारातूनच ओरडला, "बीड रोडला इमान पडलं! उडता उडता ट्रकला धडकलं!"

"कशाच्या ट्रकला?" कुणीतरी विचारलं.

"गाठीच्या. कापसाच्या गाठी भरेल व्हत्या म्हणं."

पानवाला पान पुढे करून उभाच राहिला. वेळ मी सांगितली होती. जागाही मीच सांगितली होती. गाठींचे ट्रक त्या रस्त्यानं ढिगानं जातात, असं मी मनाला सांगत होतो, पण मन ऐकत नव्हतं.

शेजारच्या मास्तरांची स्कूटर मागून बाहेर काढली, तर आमच्या दारातच वहिनी उभी. "भावजी, कुठं निघाले एवढ्या उन्हाचे?"

"शहरात मीटिंग लागली अर्जंट," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "हे बराबर गेले असतील ना?"

"गेले असतील की," म्हणालो आणि स्कूटरला किक मारली. आयुष्यात खूप थापा मारल्या, पण ही मारून मागे वळून बघितलं नाही.

रस्त्यानं मी एकच मागणं मागत होतो, की दादाला उशीर झालेला असू दे. त्याच्या उशिरावरून मी त्याला जन्मभर बोललो होतो. आता वाटत होतं, पंक्चर झालं असेल, चहाला थांबला असेल, कुणाशी तरी भांडत बसला असेल. पण मी म्हणालो होतो ना, एकला थांब म्हणून. आईला विमान दाखवायचं म्हटल्यावर तो त्या दिवशी नेमका वेळेवर पोचला असणार.

बीड रस्त्याच्या फाट्यावर पोलिसांनी सगळं अडवलं होतं. ट्रकांची रांग लागलेली. स्कूटर तिथंच टाकून मी एकेक ट्रकचा नंबर बघत पळत सुटलो. दादाचा ट्रक रांगेत नव्हता. शेवटचा ट्रक बघून झाल्यावरही पुढे गेलो.

पुढे हवालदारानं हात आडवा केला. लांब शेतांच्या वर काळा धूर होता. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस चिकटला होता.

"माझा भाऊ गाठीच्या ट्रकवर आहे," मी म्हणालो. "आई आहे सोबत."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "माझ्यासंगं चला," म्हणाला. "हात कशाला लावायचा न्हाई."

प्रत्येक प्रेस आपल्या गाठीच्या बारदानावर काळ्या रंगानं आपला शिक्का उठवते. दादाच्या प्रेसचा शिक्का मला झोपेतही ओळखता आला असता. खड्ड्यात एक फाटलेली गाठ पडली होती. तिच्यापाशी जाईपर्यंत मी काय काय कबूल केलं देवाला, आठवतही नाही. वाकून बघितलं. शिक्का वेगळा होता.

"आमची न्हाई! आमची न्हाई साहेब ही!" मी ओरडलो. हसलो, चक्क हसलो. तिकडून लोक धोतराच्या झोळीत कुणाला तरी घेऊन पळत येत होते. मला माझी लाज वाटली, आणि तरीही आनंद जाईना.

मागे फिरल्यावर दादाचा ट्रक दिसला. फाट्याच्याच अंगाला, रस्ता सोडून एका शेताच्या गाडीवाटेत आत उभा होता, बाभळीआड. मघाशी रांगेतल्या ट्रकांकडे बघत पळताना मी त्याच्या जवळूनच गेलो होतो. दादा तिथं नव्हता, गावकऱ्यांबरोबर धुराच्या दिशेनं धावत गेला होता. आई ट्रकच्या सावलीत बसली होती. मी तिचे पाय धरले आणि लहान पोरासारखा रडलो.

"वाचले तुमी. आई, वाचले."

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. ती रस्त्याकडे बघत होती.

"तू म्हणला व्हता ना थांबा, म्हणून थांबलो," ती म्हणाली. "तुझा दादा गाडी आत घालू राह्यला व्हता. मागं एक गाडी व्हती, गाठीचीच. हारनवर हारन. रस्ता आमीच अडवेल. मीच म्हणले, त्याला जल्दी जाऊ दे बाबा, आपल्याला इमान बघायचंय. खिडकीतून हात मीच केला, जा म्हणून. त्याचा डायवर हासला माझ्याकडं बघून. अन् गेला फुडं."

मी तिला हाताला धरून उठवलं आणि केबिनमध्ये नेऊन बसवलं.

आई मावशीकडे गेलीच नाही. त्या ड्रायव्हरचं पुढे काय झालं हे आमच्यापैकी कुणी कुणाला विचारलं नाही, तेवढी हिंमत नव्हती. मला तिनं एका शब्दानंही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

पुढे चौकशी झाली. पेपरात कारणं छापून आली, ती मी आईला वाचून दाखवली, वर्गात समजावतो तशी समजावून. विमान जमिनीवरून उचलायला उशीर झाला होता. आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहनं थांबवायला हवी होती, ती कुणी थांबवली नव्हती. वाटलं, आता तरी तिच्या मनावरचं ओझं उतरेल.

ती गहू निवडत होती. "अजून एकडाव वाच," म्हणाली. मी पुन्हा वाचलं.

"त्यात आपलं काही न्हाई?"

"न्हाई आई. बिलकुल न्हाई."

"कसं ऱ्हाईल?" सुपातला गहू तसाच ठेवून ती म्हणाली. "आपल्याला इचारायला कोन आल्तं?"