बाबांनी बदललेले काटे

मंडळी, दुपारचीच गोष्ट सांगते.

महागड्या घड्याळांची माहिती देणारी जाडजूड पुस्तकं मी जमवते. आज सयाजीगंजातल्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात एक काका जुनं स्विस घड्याळ घेऊन आले. त्यांना ते विकायचं होतं. "सगळं मूळचंच आहे, एवढं लिहून द्या."

मला हे काम शिकवणारे बाबा लिहायला बसले. मी सोबत आणलेल्या पुस्तकातला फोटो तीनदा ताडून पाहिला. "बाबा, काटे वेगळे आहेत."

काका हसले. "बेटा, घड्याळ काय पुस्तकात बघून कळतं?"

बाबांनी डोळ्याला भिंग लावलं. "तिचं बरोबर आहे. हे काटे मीच बदलले होते. विसरलो." आणि तसंच लिहून दिलं.

काका गेल्यावर बाबा म्हणाले, "पुस्तक घरी नेऊ नकोस. भिंगाशेजारी ठेव."

तुम्हाला शिकवणाऱ्यानं कधी तुमचं असं ऐकलंय?