काकांनी पत्ता सांगितला

मी वकिलांच्या चेंबरमध्ये शिरले तेव्हा माझा नवरा तिथं चहा पीत बसला होता.

वकील माझे होते. माझी केस त्यांच्याकडे होती. आणि त्यांच्यासमोर तो, पायावर पाय टाकून. मी दारातच थांबले. वकील म्हणाले, "ये, ये. मीच बोलावलं यांना. समोरासमोर बसलं की अर्धे प्रश्न तिथंच सुटतात."

त्यांना मी काका म्हणायचे. आमच्या मराठी मंडळातले ते. त्यांचा सगळा जन्म कोलकात्यातच गेला. लग्न होऊन मी नाशिकहून बालीगंजला आले, तेव्हा माझी पहिली संक्रांत त्यांच्या घरी झाली. म्हणून घर सोडल्यावर मी त्यांच्याकडेच गेले. ऑफिसचं काम मी हिंदी-इंग्रजीत करते. पण नवऱ्यानं काय काय केलं ते मला फक्त मराठीत सांगता येणार होतं.

पहिल्या भेटीत सगळं सांगितलं होतं. सुट्टीच्या दिवशी बाहेरून कुलूप लावून जातो. रोज फोन तपासतो. शेजारणीशी बोलले तर जेवायला बसू देत नाही. एकदा गळा दाबला. नंतर कितीतरी दिवस आवाज फुटत नव्हता. काका लिहून घेत होते. पेन थांबवून म्हणाले, "खूण आहे का? फोटो? डॉक्टरचा कागद?"

नव्हता. गळा दाबला की दरवेळी खूण उठतेच असं नाही. मला हे माझ्या अंगावरून कळलं होतं. त्यांना इतक्या वर्षांच्या वकिलीत कळलं नव्हतं. "मग मारलं असं म्हणायचं कशाच्या जोरावर?" ते म्हणाले.

निघताना मी एकच विनवलं. मी कुठं राहते ते त्याला कळू देऊ नका.

"वेडी का तू," काका म्हणाले. "वकील आहे मी."

आणि आता तो समोर बसलेला.

"हं, बोल," काका म्हणाले.

बोलायला लागले. तारीख चुकली. कुलूप आधी की गळा आधी, सगळं एकमेकांत गेलं. नवरा शांत होता. त्यानं आवाज चढवला नाही. घरीही चढवत नसे. टेबलावरचा ग्लास माझ्याकडे सरकवत म्हणाला, "पाणी पी."

मी प्यायले. शेवटच्या थेंबापर्यंत. त्या आवाजात तो सांगतो तेव्हा उरवायचं नसतं.

काका हसले. "बघ, किती काळजी आहे त्याला."

मग चष्मा काढून म्हणाले, "मागच्या वेळी तू वेगळं सांगितलं होतंस. कोर्टात असं चालत नाही."

भीतीनं माणूस असाच बोलतो. मागचं पुढं होतं. काकांच्या लेखी मात्र मी खोटी ठरले होते. तेही त्याच्यासमोर.

मग ते त्याच्याकडे वळले. घरातल्या मोठ्या माणसानं धीर द्यावा तसे. "तुम्ही घोर लावून घेऊ नका. भलत्या ठिकाणी नाहीये ती. गरियाला आहे, ऑफिसातल्या मैत्रिणीकडे. शंपा की कोण. चांगल्या घरात आहे."

सहज. चहाचा घोट घेता घेता.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

आतून काहीतरी तुटलं. भीती नव्हती ती. ज्या माणसाला मी गळा दाबल्यापर्यंतचं सगळं सांगितलं, त्यानंच मला परत नवऱ्याच्या हातात दिलं होतं. मी उठले.

"माझे कागद द्या."

"बस. असं तडकाफडकी..."

"कागद द्या. तुम्ही आता माझे वकील नाही."

"अगं, मराठी माणसं आपण. घरातलं घरात मिटवू."

"हे घर नाही, काका. आणि मी जिथं लपले होते ते घर तुम्ही आत्ता त्याला दाखवलंत."

फाइल उचलली आणि निघाले.

संध्याकाळी तो शंपाच्या दारात उभा होता. तिथंही शांत, गोड बोलणारा. शंपानं दार उघडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी घरमालकानं तिला सांगितलं, ही बाई इथं नको. मी सियालदहजवळच्या नोकरी करणाऱ्या बायकांच्या हॉस्टेलवर गेले.

आताची माझी वकील बंगाली आहे, माझ्याहून लहान. तिनं आधी कागद मागितले नाहीत. हिंदीत विचारलं, "आज रात कहाँ रहेंगी आप? उनको वो जगह मालूम है?" मग गळ्याचं विचारलं. गिळताना दुखत होतं का, आवाज किती दिवस बसला होता. आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी तिथं रडले. तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही. जसं आठवेल तसं सांगा म्हणाली, क्रम मी लावीन.

काकांविरुद्ध मी बार कौन्सिलकडे तक्रार केली. मंडळातल्या एका मावशींचा फोन आला.

"त्यांनी तुझ्या भल्यासाठीच केलं गं. म्हातारपणी त्यांचं नाव कशाला घालवतेस?"

"त्यांचं फक्त नाव जाईल, मावशी. माझा जीव जात होता."

मंडळाची बोलावणी बंद झाली. होऊ देत.

पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. तो येईल. इस्त्रीचा शर्ट घालून हळू आवाजात बोलेल. सांगताना तारखा कदाचित पुन्हा चुकतील, रडू येईल. मी तरी बोलणार. तडजोड करणार नाही. आणि काकांवरची तक्रार मागे घेणार नाही. उद्या एखादी बाई कुठल्याही वकिलासमोर बसून म्हणेल, मी कुठं आहे ते त्याला सांगू नका, तेव्हा तोंड उघडण्याआधी त्या वकिलाला माझी भीती वाटली पाहिजे.