सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

समुद्राकाठच्या त्या जंगल उद्यानाच्या फाटकावर सगळे तिला बिल्लाकाकू म्हणत. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ती पत्र्याचा एक नंबरचा बिल्ला द्यायची आणि माणूस परतला की तो फळीवरच्या त्याच नंबरच्या खिळ्याला अडकवायची. सगळे खिळे भरले की मगच कुलूप. एकोणीस वर्षं तिने ती फळी डोळ्यांत तेल घालून सांभाळली होती. बिल्ल्याबरोबर एक नियमही असायचा, आणि तो ती प्रत्येकाकडून वदवून घ्यायची. जनावर वाटेत दिसलं की जागच्या जागी उभं राहायचं. ते हललं की मग आपण हलायचं. लोक हसायचे. हसोत बापडे, म्हणून ती पुढच्याला हाक मारायची.

त्या दिवशी शेवटची बस गेली तेव्हा सत्तेचाळीसचा खिळा मोकळा होता.

सत्तेचाळीस कोण, हे तिला आठवावं लागलं नाही. दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले होते. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. रेल्वेत सिग्नलवर जन्म गेला, असं आपणहून सांगितलं. नियम त्यांनी न हसता, शब्दन् शब्द म्हणून दाखवला, तेव्हाच ते तिला आवडून गेले होते.

"एकटेच?" तिने विचारलं होतं.

"एकटाच. हिला यायचं होतं इथे, ते राहूनच गेलं. आता घरी वाट बघणारं कोणी नाही. परतायची घाई नाही."

मागे सहलीची ही मोठी रांग होती. "कड्यावरच्या कठड्याला टेकू नका," एवढं बोलून तिने त्यांना आत सोडलं होतं.

आता ते बोलणं तिला आठवलं. तिने वनरक्षकाला फोन लावला. तो उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला होता.

"काकू, खिशात घालून गेले असतील घरी. मागे त्या बाईंच्या पर्समध्ये नाही का निघाला?"

"ते तसे नाहीत."

"ओळखीचे आहेत?"

"नियम म्हणताना हसले नाहीत ते," असं म्हणून तिने फोन ठेवला. शिट्टी आणि बॅटरी घेतली आणि कड्याच्या वाटेला लागली.

वाट पायाखालची होती, तरी दोनदा ठेचकाळली. उजवीकडे खाली समुद्र होता. माकडं फांद्यांवर झोपायच्या जागेवरून भांडत होती, पण तिचं लक्ष फक्त खालच्या खडकांकडे. एका वळणावर खाली काहीतरी पांढरं दिसलं आणि ती कठड्यावरून खाली वाकली. मग ते पांढरं हललं, पंख पसरून उडालं. बगळे होते. 'मेल्यांनो,' ती पुटपुटली, आणि बगळ्यांपेक्षा जास्त स्वतःलाच शिव्या घातल्या. एक मिनिट थांबून विचारपूस केली असती तर काय बिघडलं असतं?

पुढच्या वळणावर सिग्नलवाले आजोबा उभे होते. छत्री काखेत, पाय जुळवलेले, ड्युटीवर असल्यासारखे ताठ. त्यांच्या आणि तिच्या मधोमध, ऐन वाटेत, एक हरणी बसली होती आणि तिच्या पोटाशी ओलसर, नुकतंच जन्मलेलं पाडस.

काकूचा जीव भांड्यात पडला. चांगलं खडसवायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. नियम तिचाच होता.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

"चारपासून."

"अहो, मागे फिरायचं ना."

"हलायचं नाही म्हणालात."

एकोणीस वर्षांत तिचं बोलणं इतकं मनावर कोणीच घेतलं नव्हतं. तिला हसूही येत होतं आणि रडूही. ती उभी राहिली. या वेळी ती नेहमी फळीपाशी असायची, त्यामुळे इथून सूर्य बुडताना तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. पाडस उठायला बघत होतं, कोलमडत होतं. शेवटी चारही पाय फाकवून उभं राहिलं, आणि आईच्या मागून झुडपात शिरलं.

"लाइन क्लिअर," आजोबा म्हणाले आणि दोन तासांनी पहिलं पाऊल टाकलं. गुडघे कटकन वाजले.

"मला वाटलं..." काकूने खालच्या खडकांकडे पाहिलं.

"माझ्याही मनात दुपारी तसंच काहीसं होतं," ते म्हणाले. "पण हे पिल्लू मध्ये आलं. म्हटलं, हे उभं राहीपर्यंत थांबू."

काकूने त्यांचा हात धरला तो फाटकापर्यंत सोडला नाही. वाटेत तिने वनरक्षकाला फोन करून जीप फाटकाशी आणायला सांगितली, आणि आजोबांना घरी पोचवून चहा पिऊनच निघायचं, असं बजावलं.

फाटकाशी त्यांनी बिल्ला स्वतःच्या हाताने सत्तेचाळीसच्या खिळ्याला अडकवला, सरळ केला आणि विचारलं, "उद्या किती वाजता उघडता?"

"साडेआठला," ती म्हणाली, आणि फाटकाला कुलूप घातलं.