पेट्रोलच्या काट्याचा तक्ता

माझ्या गाडीचा पेट्रोलचा काटा चुकीचा दाखवतो, हे मी कधी लपवलं नाही. वाळूजच्या एका कारखान्यात मोजमापाच्या खोलीत मी चोवीस वर्षं काम करते आहे. तिथं मोजायची साधनंच मोजून पाहायची असतात आणि त्यातली बरीचशी थोडीफार चुकतात. चुकणारं साधन आम्ही फेकत नाही. ते किती चुकतं हे कार्डावर लिहितो, कार्ड त्याला बांधतो आणि त्याला परत कामाला लावतो.

गाडी म्हणजे दोन सीटची, छप्पर उघडणारी, हिरवी स्पोर्ट्स कार. जुनीच घेतली. इतकी वर्षं शिफ्टच्या बसनं गेल्यावर स्वतःसाठी म्हणून घेतलेली ती पहिली वस्तू. नातेवाइकांचे आक्षेप मी एका कागदावर उतरवून ठेवले होते. वयाला शोभत नाही, सामान मावत नाही, सुनेला काय वाटेल. मला सून नाही, मुलगी आहे, आणि तिला गाडी आवडली होती. तो कागद मी आक्षेप संपल्यावर नाही, जागा संपल्यावर बंद केला.

दोनदा गाडी रस्त्यात थांबली, दोन्ही वेळा काटा पाव टाकी दाखवत असताना. एकदा छावणीत, एकदा बजाजनगरच्या वळणावर, कारखान्याच्या बसमधले सगळे खिडक्यांतून बघत असताना. दोन्ही वेळा नवरा स्कूटरवरून कॅन घेऊन आला. दुसऱ्यांदा कॅन रिकामा करताना तो म्हणाला, "आता पुन्हा कॅनची वेळ आली तर गाडी विकायची. बोल."

"मान्य," मी म्हणाले. रागात म्हणाले, पण म्हणाले. विकली असती तर दुसरी घ्यायची धमक माझ्यात राहिली नसती, हे मला त्याच वेळी माहीत होतं.

गॅरेजवाले चाचा म्हणाले, "मॅडम, इसका काटा अब नया नहीं मिलता. और नली टेढी है, लकडी डालके भी नाप नहीं सकते." मी म्हटलं, नवा नकोच. टाकी पूर्ण रिकामी करून द्या. गॅरेजच्या शेजारीच पंप होता. रिकामी गाडी ढकलत तिथं नेली आणि पंपावरच्या माणसाला सांगितलं, दोन-दोन लिटर टाका, मी सांगेपर्यंत थांबा, मग पुढचे दोन.

"ताई, बाळाला वाटी-चमच्यानं पाजताय का?" तो म्हणाला.

"हो. आणि ढेकर आल्याशिवाय पुढचा चमचा नाही."

मागे रिक्षांनी हॉर्नचा कहर केला. एक जण ओरडला, "ओ मॅडम, लग्न लावताय का गाडीचं?" मी वीस वेळा काटा स्थिर होऊ दिला, वीस वेळा लिहिलं. घरी येऊन तक्ता नीट उतरवला आणि गाडीत काट्याच्या खाली चिकटवला. अर्ध्यावर अठरा लिटर, एक तृतीयांशवर बारा. पेट्रोल भरल्यापासूनचे किलोमीटर मी लिहीत असे, तक्ता आहे म्हटल्यावर तेही बंद केलं.

पुढच्या आठवड्यात मी आणि नवरा सोयगावला माझ्या भावाकडं निघालो. काटा अर्ध्यावर, म्हणजे अठरा लिटर. गाडी लिटरला दहाचं ॲव्हरेज देते आणि सोयगाव सव्वाशे किलोमीटरच्या आत. पेट्रोल उरणार होतं. सिल्लोडला पंप दिसल्यावर नवरा म्हणाला, "भरून घे."

"बारा लिटर आहे. लागणार सहा."

"घेतलं तर बिघडतं काय?"

"तक्त्यावर विश्वास नाही असा अर्थ होतो."

पंप मागे पडला. घाट उतरलो, फर्दापूर ओलांडलं, आणि सोयगावच्या अलीकडं, दोन्ही बाजूंना कपाशी असलेल्या रस्त्यावर, गाडीनं दोन आचके दिले आणि थांबली. काटा पावाच्या थोडा वर होता.

नवऱ्यानं माझ्या भावाला फोन लावून कॅन मागवला. मी तक्त्याकडं बघत बसले आणि मला चूक दिसली. आमच्या खोलीत प्रत्येक साधन दोनदा तपासतात, एकदा काटा चढताना, एकदा उतरताना. अडखळणारा काटा दोन्हीकडं वेगळं दाखवतो, उतरताना तर वरच अडकून राहतो. नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवते मी. आणि स्वतःच्या गाडीचं फक्त चढतं वाचन घेतलं होतं. पेट्रोल भरताना मोजलं आणि जाळताना त्यावर भरवसा ठेवला.

भाऊ मोटारसायकलवरून कॅन घेऊन आला. "काय गं आक्का, हिरव्या रानात हिरवी गाडी, दिसंना लवकर. लई तहानली व्हय?" माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे, आणि सहा वर्षांनी लहान असल्यासारखाच हसला.

कॅन रिकामा झाला तेव्हा नवरा शांतपणे म्हणाला, "ठरलं होतं."

"ठरलं होतं. मी नाही विकणार."

"शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडते आहे. काम मी अर्धं केलं, शिक्षा गाडीला नाही."

भाऊ म्हणाला, "दाजी, नाय म्हणली म्हंजी नाय. लहानपणी चिंचंवरून उतरायची नाय ही."

शब्द मोडणं मला शोभत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नाही. आक्षेपांच्या कागदावर जागा असती तर मी स्वतः हाही आक्षेप लिहिला असता. पण गाडी विकली असती तर मी चूक दुरुस्त न करता पुसली असती, आणि तसं मी चोवीस वर्षांत कुणाला करू दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोयगावला टाकी काठोकाठ भरली. परतताना वही नवऱ्याच्या मांडीवर ठेवली, पेन हातात दिलं. दर वीस किलोमीटरला काटा कुठं आहे ते लिहायचं. घाट चढेपर्यंत त्यानं एक नोंद केली. सपाटीला लागल्यावर म्हणाला, "हे लिहितोय म्हणजे गाडी मला मान्य आहे असं समजू नकोस."

"तुमच्या मान्यतेसाठी रकाना केलेला नाही," मी म्हटलं. "वीस झाले. लिहा."